टीव्हीवरच्या बातम्या आणि आठवी ते बारावीतली मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम नागपुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस पोट्ट्या-पोट्ट्यांसोबत आठवडाभराच्या टीव्ही बातम्या पुन्हा पाहतो. थांबवत, मागे नेत, भांडत. ही आमची बैठक. मी स्वतः बरीच वर्षं विदर्भात टीव्हीसाठी बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, घेऊन फिरलो. सोबत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत आणि एक कॅमेरावाला मित्र. पालक, शिक्षक आणि खुद्द मुलं फोनवर तेच ते विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मुलं टीव्ही पाहतच नाहीत, सगळं मोबाइलवर. मग टीव्हीच्या बातम्यांचा घाट कशाला?

अर्धं खरं आहे. संध्याकाळी सातला टीव्हीसमोर मांडी घालून बसणारा नववीतला मुलगा मलाही अजून भेटलेला नाही. पण त्याच्या मोबाइलवर काय येतं ते पाहा. चाळीस सेकंदांची रील, वाहिनीचा लोगो धूसर केलेला, वर कुणीतरी चिकटवलेलं ढोलताशाचं संगीत. मूळ माल टीव्हीचाच असतो: विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा बाइट (कॅमेऱ्यासमोर कुणी बोललेला तुकडा), चर्चेतली एखादी खडाजंगी, गुडघाभर पाण्यात उभ्या रिपोर्टरचा पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं. मुलं टीव्हीच पाहतात, पण तुकडा पाहतात, आणि तो कोणी कुठून तोडला ते त्यांना ठाऊक नसतं.

आम्ही रील घेतो आणि तिचं मूळ बुलेटिन शोधून काढतो. पुष्कळदा मूळ बाइट दीड मिनिटाचा निघतो, आणि नेमकं "पण"च्या पुढचं वाक्य कापलेलं असतं.

माझी मुलगी वर्गात पहिली येते, तरी म्हणते बातम्या कळत नाहीत. असं कसं?

कारण बातमी मधूनच सुरू होते. ही बैठक सुरू झाली ती या एका गोष्टीमुळे.

डिसेंबरचंच घ्या. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन यायचं म्हटलं की रविभवनातल्या कॉटेजना रंग लागतो, रस्त्यांवरचे खड्डे रातोरात बुजतात, सिव्हिल लाइन्समध्ये ओबी व्हॅनची (थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची) रांग लागते. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले की सीताबर्डीतून, म्हणजे आमच्या बर्डीतून, ट्यूशनला जाणाऱ्या पोरीला पाऊण तास उशीर. ती घरी येते, आणि टीव्हीवर ऐकते: "लक्षवेधीवरून गदारोळ, विरोधकांचा सभात्याग, पुरवणी मागण्या मंजूर." तिच्या उशिराचं कारण याच ओळीत कुठेतरी आहे, पण तिला ते सापडत नाही. लक्षवेधी म्हणजे एखाद्या तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधून त्याच्याकडून निवेदन मागणं. पुरवणी मागण्या म्हणजे अर्थसंकल्पात धरलेले पैसे पुरत नाहीत म्हणून मधेच मागितलेले जादा पैसे. दोन वाक्यांचं काम आहे. पण वाहिनीच्या डेस्कवर बातमी लिहीत बसलेल्या माणसाला हे शब्द रोजचे, त्यामुळे ते कुणाला परके असतील हे त्याच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही येत नव्हतं.

एका दहावीच्या मुलीनं विचारलं होतं, "काका, मुंबईत एवढं मोठं विधानभवन असताना हे लोक इकडे काहून येतात?" टीव्हीसाठी मी किती अधिवेशनं केली, पण हे कधी माझ्या बातमीत सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. मराठी मुलूख एकत्र करायचा तर राजधानीपण सोडणाऱ्या या शहराला काय द्यायचं, हा प्रश्न होता. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला, त्यात सरकारनं वर्षातला ठरावीक काळ नागपुरात येऊन बसावं आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथं भरवावं असं ठरलं. १९६० साली महाराष्ट्र झाला, तेव्हापासून हिवाळी अधिवेशन सहसा नागपूरचं. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, ते मुंबईतच उरकलं. हे सांगायला चार मिनिटं लागली. मग तेच बुलेटिन पुन्हा लावलं, आणि "विदर्भाच्या प्रश्नांवर चर्चाच नाही" ही ओळ आली तशी ती मुलगी म्हणाली, "म्हणजे करारात होतं आणि तरी होऊन नाही राहिलं?"

पाठ्यपुस्तक पहिल्यापासून सांगतं. बुलेटिन मात्र काल तुम्ही पाहिलं होतं असं धरून चालतं. मालिकेचा दोनशेवा भाग पहिल्यांदा पाहणाऱ्याला सासू कोण नि आत्या कोण कळलं नाही तर आपण त्याला मठ्ठ म्हणत नाही. बातम्यांच्या बाबतीत मात्र लगेच म्हणतो, "आजकालच्या पोरांना कशातच रस नाही."

मराठीत या वयासाठी वेगळं बातमीपत्र आहे का?

ठरलेल्या वेळी रोज लागणारं, तेरा ते अठरा वयाच्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं बातमीपत्र मराठी वृत्तवाहिन्यांच्या वेळापत्रकात दिसत नाही. २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या येत गेल्या, आज त्या हाताच्या बोटांवर मावत नाहीत, पण दिवसाच्या चोवीस तासांतली पंधरा मिनिटं या वयाच्या वाट्याला आलेली नाहीत.

मुलांसाठी टीव्ही केलाच नाही असंही नाही. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ ला सुरू झाली, आमच्या पिढीनं शाळेतल्या लाकडी कपाटातल्या टीव्हीवर तिचे कार्यक्रम पाहिले, २०१७ ला ती बंद झाली. पण तो अभ्यासाचा टीव्ही होता. मुलांना शिकवायचं असतं हे सगळ्यांना पटतं. मुलांना काय घडलं ते सांगायचंही असतं, हे पटवायला वेळ लागतो. आणि जाहिरातदाराच्या हिशेबात पंधरा वर्षांचा मुलगा बातम्यांचा गिऱ्हाईकच नाही. सिमेंट आणि विमा तो विकत घेत नाही.

बाहेरच्या देशांत कसं करतात?

ऑस्ट्रेलियाच्या एबीसीवर "बिहाइंड द न्यूज" १९६८ पासून आहे, शाळांत दाखवता येईल असा आठवड्याचा कार्यक्रम. ब्रिटनमध्ये बीबीसीचं "न्यूजराउंड" ४ एप्रिल १९७२ ला सुरू झालं, नेदरलँड्समध्ये सार्वजनिक प्रसारणसंस्थेचं मुलांचं बातमीपत्र १९८१ पासून, जर्मनीत "लोगो!" १९८९ पासून. ही सगळी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिन्यांची कामं आहेत, हे लक्षात घ्या.

न्यूजराउंडचा एक किस्सा मुलांना फार आवडतो. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, तेव्हा ब्रिटिश टीव्हीवर ती बातमी सर्वांत आधी दिली ती या मुलांच्या बातमीपत्रानं, कारण त्यांची वेळ झाली होती आणि मोठ्यांच्या बातम्यांना अजून अवकाश होता. यानात एक शाळेतल्या शिक्षिका होत्या. मुलांना सांगायचं म्हणून बातमी दडवली नाही की गुळात घोळवली नाही.

उलट्या बाजूचंही उदाहरण आहे. अमेरिकेत १९९० पासून "चॅनेल वन" नावाचा बारा मिनिटांचा बातम्यांचा कार्यक्रम थेट वर्गात दाखवला जाई. शाळांना टीव्ही संच आणि डिश फुकट, बदल्यात त्या बारांतली दोन मिनिटं जाहिराती, आणि पोरं वर्गात कोंडलेली, उठून जायची सोय नाही. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, २०१८ मध्ये ते बंद पडलं. आपल्याकडे कुणी शाळेला फुकट स्क्रीन देऊ केली तर आधी हे आठवावं.

आणि एक खोच: न्यूजराउंड प्रामुख्यानं सहा ते बारा वयासाठी आहे. तिथेही तेरा ते अठरा हे वय दोन खुर्च्यांच्या मधेच पडतं. त्यामुळे "तिकडे सगळं छान" असं समजायचं कारण नाही.

मग सध्या पाहायचं काय? नाव सांगा.

सुरुवात सह्याद्रीच्या संध्याकाळी सातच्या बातम्यांपासून करा. मुलांना आधी कंटाळा येतो, कारण पडदा हलत नाही, कोणी ओरडत नाही. पण एका वेळी एकच बातमी, एकच आवाज, आणि वाक्य पूर्ण होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासूनची ही वळणदार सवय आहे. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांनी बातम्या वाचल्या त्या याच घरात. डीडी फ्री डिशवर महिन्याचं भाडंही पडत नाही. आपल्या सेमिनरी हिल्सच्या दूरदर्शन केंद्राचे विदर्भातले कार्यक्रम आणि आकाशवाणी नागपूरचं प्रादेशिक बातमीपत्र हेही जोडा. रेडिओ ऐकताना चित्र नसतं, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं.

अकरावी-बारावीच्या मुलांना संसद टीव्हीचा एखादा तास दाखवा. लोकसभा आणि राज्यसभा वाहिन्या एकत्र करून ती २०२१ मध्ये सुरू झाली. सभागृहात मंत्री प्रत्यक्षात काय बोलले ते आधी ऐकायचं, मग खासगी वाहिनीवर त्याच भाषणातली कोणती अकरा सेकंदं आली ते पाहायचं. आम्ही हे दोनदा केलं. दोन्ही वेळा खोली शांत झाली होती.

खासगी वाहिन्या वर्ज्य नाहीत. वेगवान असतात, जिल्ह्यात माणूस असतो, आणि पुष्कळ चांगली बातमी तिथेच आधी येते. फक्त एकाच वाहिनीवर राहू नका. एकच बातमी तीन ठिकाणी पाहा, आणि तिघांनी कोणाचा बाइट घेतला, कोणाचा नाही, एवढंच कागदावर लिहा.

चर्चेच्या कार्यक्रमात सगळे भांडतात काहून?

कारण भांडण स्वस्त पडतं. गडचिरोलीतल्या भामरागडला बातमीसाठी माणूस पाठवायचा तर गाडी, डिझेल, कॅमेरामन, दोन दिवस, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की तिकडेच अडकायचं. त्यातून हाती लागतं अडीच मिनिटांचं पॅकेज, म्हणजे जोडून तयार केलेली बातमी. उलट सहा जणांना त्यांच्या त्यांच्या घरून जोडलं की एक तास भरतो.

दुसरं कारण टीआरपी. देशभरातल्या निवडक घरांत मीटर बसवलेले असतात, त्यावरून कोण काय पाहतो याचा अंदाज निघतो आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरतो. वादानंतर वृत्तवाहिन्यांचे हे आकडे ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बंद ठेवले होते. त्या दीड वर्षात ओरडा कमी झाला का? मला तरी जाणवलं नाही. सवय लागली की लागली.

घरी एक खेळ करा. चर्चेचा आवाज पाच मिनिटं बंद ठेवा आणि फक्त खालच्या पट्ट्या वाचा. प्रश्नचिन्ह किती आहेत ते मोजा. "कट कुणाचा?" "कोण वाचवतंय?" प्रश्नचिन्ह लावलं की सिद्ध करावं लागत नाही, ही युक्ती एकदा दिसली की मग लपत नाही.

बातमी खोटी आहे हे मुलांना ओळखता येतं का?

येतं, पण खोटी आणि चुकीची यात फरक आहे हे आधी शिकवावं लागतं. यासाठी आमच्याकडे घरचंच उदाहरण आहे.

३० मे २०२४. नागपुरात रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं. संध्याकाळपर्यंत पडद्यावर लाल अक्षरं, वितळणाऱ्या डांबराचे व्हिज्युअल, "नागपूर जगात सर्वांत उष्ण?" आता हे खोटं नव्हतं. आकडा खरोखर त्या यंत्रावर आला होता. पण तो बरोबर होता का?

आम्ही त्या रविवारी तारखेप्रमाणे एकेक तुकडा लावला. मुलांना आधी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "पटतं का?" पहिल्यांदा बोलला तो अकरावीतला एक मुलगा. म्हणाला, "माझे बाबा त्या दिवशी ॲक्टिवावर इतवारीत गेले होते. ५६ असतं तर ते परत आले नसते." हसलो सगळे, पण पद्धत बरोबर होती: आधी आपल्या अंगावरच्या अनुभवाशी ताडून पाहा. मग आकडे काढले. भारतातली नोंद ५१ अंशांची, राजस्थानातल्या फलोदीची, १९ मे २०१६. जगातली सर्वोच्च मानली जाणारी नोंद ५६.७, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीची, १९१३. म्हणजे रामदासपेठ त्या दिवशी डेथ व्हॅलीच्या पंगतीला बसली होती, आणि त्याच शहरातल्या दुसऱ्या एका केंद्रावर पारा ४४ च्या आसपास होता. एकाच गावात बारा अंशांचा फरक? हवामान खात्यानंही मग सेन्सर बिघडल्याचं स्पष्ट केलं.

यात मुलांना खटकली ती एक वेगळीच गोष्ट. ५६ ची पट्टी दिवसभर चालली, आणि सेन्सर बिघडल्याची बातमी कुठे आली ते शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. दुरुस्ती ब्रेकिंग होत नसते.

तेव्हापासून आमच्याकडे तीनच प्रश्न: हे कोणी मोजलं किंवा कोणी पाहिलं? दुसऱ्या कोणी तेच पाहिलं का? आधीचा आकडा काय होता? बस. याहून लांबलचक तक्ते मुलं पाळत नाहीत, मीही पाळत नाही.

दंगल, अपघात, अत्याचार यांच्या बातम्या मुलांना दाखवाव्यात का?

पालकांचा सर्वांत खरा प्रश्न हा. याला एक उत्तर नाही.

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपूरच्या महाल भागात हिंसाचार झाला आणि शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. आमच्यातली दोन मुलं त्याच बाजूची. त्यांना बातमी दाखवायची की नाही हा प्रश्नच नव्हता, ती बातमी त्यांच्या खिडकीबाहेर होती. आई-बाबांनी टीव्ही बंद केला आणि मुलांनी मोबाइल उघडला, तिथे तर अफवांचा पूर. पुढे भेटलो तेव्हा मुलांनी सांगितलं की टीव्हीवर तीच जळणारी गाडी पुन्हा पुन्हा दिसत होती, त्यामुळे पाच-सहाशे गाड्या जळाल्यात असं वाटलं. एकच दृश्य फिरवत राहण्याला आम्ही टीव्हीवाले "लूप" म्हणतो. ताजे व्हिज्युअल नसले की जुनेच चालवतात, कधी कोपऱ्यात बारीक अक्षरांत "फाइल फुटेज" लिहितात, कधी तेही नाही. त्या दोघांना हे समजलं तेव्हा त्यांचे खांदे जरा खाली आले.

माझं मत: तेराच्या पुढे बातमी दडवू नका, दृश्य कमी करा. एकदा पाहा, सोबत पाहा, मग बंद करा आणि बोला. सकाळी उठल्याबरोबर आणि झोपण्याआधी नको. मूल गप्प गप्प झालं, जेवणावरून उठलं, तर त्या आठवड्यात बातम्यांना सुटी द्या. काही बिघडत नाही.

अत्याचाराच्या बातमीत मुलांना एक कायदा जरूर सांगा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित, साक्षीदार किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीच देता येत नाही; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ मध्येही बंदी आहे. हे फक्त वाहिन्यांसाठी नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "ती हीच ना?" म्हणून फोटो टाकणाऱ्या मुलालाही हे ठाऊक असलेलं बरं.

मुलांना राजकारणात कशाला ओढता?

आम्ही ओढत नाही, ती आधीच त्यात असतात. सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो आणि अठरा झाल्यावर नाव लागतं. बैठकीत पक्षाचा प्रचार चालत नाही. एकदा एका पालकानं आम्हाला या बाजूचं म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्यानं त्या बाजूचं, तेव्हा बरं वाटलं.

याचा स्पर्धा परीक्षेला फायदा होईल का?

होईल थोडाफार. पण त्यासाठी येऊ नका, महिन्याची चालू घडामोडींची पुस्तिका बर्डीवर मिळते आणि ती जास्त कामाची आहे. तिथे "कोण, कधी, किती" असतं. आम्ही "आधी काय झालं होतं" यात अडकून पडतो.

मुलांना स्वतःचं बातमीपत्र करायचं आहे. काय लागतं?

एक मोबाइल, एक तिपाई, कॉलरला लावायचा साधा माइक, आणि फॅन बंद करता येईल अशी खोली. माइक आधी घ्या, चांगला कॅमेरा नंतर. चित्र हललं तर लोक सोसतात, आवाज नाही आला तर पुढे सरकतात.

तीन मिनिटांचं करा, त्याहून मोठं नको. दोन बातम्या पुरे. आधी रनडाउन कागदावर लिहा: कोणती बातमी आधी, किती सेकंद, कोणाचा बाइट. अँकर व्हायला सगळ्यांना हवं असतं, प्रत्येक महिन्याला बदला. खरी मजा रिपोर्टिंगला आहे हे त्यांना दुसऱ्या महिन्यात कळतं. लिहायची भाषा बोलायची ठेवा. "सदर इसम" आणि "घटनास्थळी धाव घेतली" हे पहिल्याच मसुद्यात येतं. पोरं टीव्हीवरून हेच शिकलेली असतात. मोठ्यानं वाचून घ्या, आपोआप गळतं.

विषय घराजवळचे. आमच्या मुलांनी स्कूल व्हॅनमध्ये किती मुलं कोंबतात हे मोजलं, फुटाळा तलावावर रात्री उरणारा कचरा दाखवला, उन्हाळ्यात ट्यूशनच्या वेळा कोण ठरवतं यावर दोन्ही बाजूंचे बाइट घेतले. ही शेवटची बातमी उत्तम होती, कारण ट्यूशनवाल्या सरांनी वेळ बदलली.

चुका होतील. आमची मोठी चूक सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या बुडाल्या. मुलांनी शेजाऱ्यांशी बोलून बातमी केली, त्यात वाक्य होतं, "अंबाझरीचं धरण फुटलं." तलाव ओसंडला होता, फुटला नव्हता. स्क्रिप्ट मी वाचली होती आणि ते वाक्य माझ्या नजरेतून सुटलं. दोन मुलांच्या सोसायटीत त्यावरून घबराट झाली. पुढच्या बातमीपत्राची सुरुवात आम्ही दुरुस्तीनं केली, अगदी पहिली बातमी म्हणून, पूर्ण वीस सेकंद. अँकर मुलगी म्हणाली, "लाज वाटते." म्हटलं, वाटू दे, पण वाच.

अठराच्या आतल्या कुणाचाही चेहरा दाखवायचा तर आई-बाबांची लेखी परवानगी घ्या. अधिवेशनात विधानभवनाच्या परिसरात पासशिवाय कॅमेरा काढू नका, पोलीस काका प्रेमानं समजावतीलच असं नाही.

मारबतीचा आणि बातम्यांचा काय संबंध? बैठकीत दरवर्षी एक रविवार त्यावर का?

नागपूरच्या बाहेरच्यांना हा प्रश्न पडतो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात. सव्वाशेहून जास्त वर्षांची ही मिरवणूक. "घेऊन जाऽऽ गे मारबत" असं ओरडत लोक त्या वर्षातली सगळी पीडा तिच्यासोबत गावाबाहेर धाडतात. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, आणि बडग्यांवर त्या वर्षाचा राग लिहिलेला असतो: महागाई, डेंगू, भ्रष्टाचार, पेपरफुटी, दूर देशातली एखादी लढाईसुद्धा.

हे वर्षाचं बुलेटिनच आहे. कोणता विषय बडगा व्हायच्या लायकीचा, हे गल्लीतली पोरं आणि कारागीर ठरवतात, संपादक नाही. आम्ही मिरवणुकीच्या आधी मुलांना त्यांची यादी लिहायला लावतो, मग रस्त्यावर जाऊन प्रत्यक्ष बडगे मोजतो, मग टीव्हीनं त्यातले कोणते दाखवले ते पाहतो. तिन्ही याद्या कधीच जुळत नाहीत. एका वर्षी मुलांच्या यादीत सर्वांत वर "ऑनलाइन गेममध्ये गेलेले पैसे" होतं. रस्त्यावरही नव्हतं, टीव्हीवरही नव्हतं. त्यावर मग आम्ही दीड तास बोललो.

वाहिनीनं धडधडीत चुकीचं दाखवलं तर तक्रार करता येते का? मुलंही करू शकतात?

येते. २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला, त्याप्रमाणे तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनीकडेच लेखी तक्रार. चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय यायला हवा. समाधान नाही झालं तर पंधरा दिवसांच्या आत वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे, आणि शेवटी केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा. मुलांनी आई-बाबांच्या नावानं केली तर सोपं जातं. तक्रारीत तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नेमकं वाक्य लिहा. "तुम्ही बायस्ड आहात" ही तक्रार नाही, ती कॉमेंट आहे.

रोज किती वेळ पाहावं? आमच्याकडे टीव्ही एकच, आणि सातला आजीची मालिका असते.

वीस मिनिटं खूप झाली. आजीला उठवू नका. तेच बुलेटिन नंतर यूट्यूबवर मिळतं, आणि मागे-पुढे करता येतं हा फायदाच.

बैठकीला फी किती? आजी-आजोबा सोबत आले तर चालतं का?

फी नाही. वही आणायची, मोबाइल टेबलावर उलटा ठेवायचा.

आजी-आजोबा आले तर फार बरं. मागे एका मुलीसोबत तिचे आजोबा आले, नातीला सोडायला म्हणून, आणि दारातच थांबले. टीव्हीवर वेगळ्या विदर्भाची काही बातमी लागली होती. मी समजावायला तोंड उघडलं तेवढ्यात ते मागून म्हणाले, "मी तेव्हा चौथीत होतो, शाळेला सुटी दिली होती राज्य झालं म्हणून, पण घरी कोणी खूश दिसत नव्हतं." पुढचे चाळीस मिनिटं मुलं त्यांच्याकडे वळून बसली होती आणि बातमी पडद्यावर थांबलेलीच राहिली. आता ते दर रविवारी येतात. फक्त जिना उभा आहे आणि लिफ्ट नाही, तेव्हा गुडघ्यांना विचारून या.